अकॅडमिक इंग्लिशच्या कोर्सचं मूल्यमापन आणि त्याचे परिणाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एफवायच्या (पदवीच्या पहिल्या वर्षाच्या) मुलांसाठी कुठे एईसीच्या (क्षमतावृद्धी कोर्सच्या) नावाखाली, कुठे ब्रिज कोर्स म्हणून अकॅडमिक इंग्लिश शिकवलं जातं. कोर्स संपला की ‘त्याचं मूल्यमापन करून रिपोर्ट द्या’ असा निरोप येतो. गेल्या काही वर्षांत आमच्या विभागात हे काम माझ्याकडे आहे, त्यामुळे इतर कॉलेजांतल्या सहकाऱ्यांचे फोन येतात. प्रश्न साधारण तेच असतात. ते आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी विचारलेलेही दोन-तीन प्रश्न त्यात आहेत.

अकॅडमिक इंग्लिश म्हणजे काय? स्पोकन इंग्लिशच्या क्लासपेक्षा ते वेगळं कसं?

पदवीचा अभ्यास इंग्रजीतून करायला जी इंग्रजी लागते ती. पाठ्यपुस्तकातलं प्रकरण वाचून मुद्दे काढणं, लेक्चर ऐकत नोट्स घेणं, प्रयोगाचा अहवाल लिहिणं, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडून ते कुणाचं आहे हे सांगणं, सेमिनारमध्ये उभं राहून पाच मिनिटं विषय मांडणं. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली हुशार मुलगी सिनेमाविषयी मोडक्या इंग्रजीत छान बोलू शकते आणि त्याच वेळी अर्थशास्त्राच्या पुस्तकातल्या एका पानापुढे अडकून बसते. उलटंही दिसतं. फाडफाड बोलणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला दीडशे शब्दांचा मुद्देसूद परिच्छेद लिहिता येत नाही. म्हणून ‘बोलायला लागली का मुलं?’ हा या कोर्सला विचारायचा प्रश्न नव्हे.

मूल्यमापन म्हणजे मुलांना मार्क देणंच ना? ते तर आम्ही करतोच.

मराठीत दोन्ही गोष्टींना आपण मूल्यमापन म्हणतो, घोळ तिथूनच सुरू होतो. अंतर्गत मूल्यमापन हे विद्यार्थ्याचं असतं: सईला वीसपैकी चौदा. कोर्सचं मूल्यमापन म्हणजे या तीस तासांमुळे काय घडलं, कुणासाठी घडलं, कुणासाठी घडलं नाही आणि का, याचा शोध. निकाल नव्वद टक्के लागला म्हणून कोर्स चांगला ठरत नाही. पेपर सोपा असेल, प्रश्न आधी सांगितलेले असतील किंवा मुलं आधीपासूनच तयार असतील. चांगल्या कोर्समध्येही मार्क कमी पडू शकतात.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये कंपन्यांतल्या प्रशिक्षणासाठी चार पायऱ्या मांडल्या होत्या, त्या इथेही कामाला येतात. शिकणाऱ्यांना कसं वाटलं, ते काय शिकले, पुढच्या कामात ते शिकलेलं वापरतात का आणि त्याने शेवटी काय फरक पडला. आपले बहुतेक रिपोर्ट पहिल्या पायरीवर थांबतात. अकॅडमिक इंग्लिशसाठी खरी कसोटी तिसऱ्या पायरीवर आहे. इंग्रजीच्या तासाला जे शिकलं ते मूल रसायनशास्त्राच्या जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या वहीत, वापरतं का, हे बघायला हवं.

तीस तासांत इंग्रजी किती सुधारायला हवी?

हा प्रश्न आधी विचारला गेला तर बरीच निराशा टळेल. दोन क्रेडिट म्हणजे साधारण तीस तास. युरोपात भाषाक्षमता मोजण्यासाठी ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्यांची चौकट वापरतात. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाचा ढोबळ अंदाज असा आहे की बी-१ गाठायला सुरुवातीपासून ३५० ते ४०० तासांचं मार्गदर्शन लागतं आणि बी-२ गाठायला ५०० ते ६००. म्हणजे एक पातळी चढायला दीड-दोनशे तास. तीस तासांच्या कोर्सनंतर सर्वसाधारण इंग्रजीची चाचणी घेतली आणि फारसा फरक दिसला नाही, तर त्यात शिक्षकाचीही चूक नाही आणि मुलांचीही नाही. मोजपट्टीच चुकीची निवडली आहे.

तीस तासांत बदलू शकतात त्या नेमक्या, छोट्या गोष्टी. प्रकरण हातात आलं की आधी शीर्षकं आणि पहिली वाक्यं चाळायची सवय. परिच्छेदाची सुरुवात मुख्य मुद्द्याने करणं. पुस्तकातली ओळ जशीच्या तशी न उतरवता स्वतःच्या शब्दांत लिहिणं. मोजायचं ते हेच. कोर्सच्या उद्दिष्टांत ‘विद्यार्थी इंग्रजीवर प्रभुत्व मिळवतील’ असं लिहिलं असेल, तर ते खोडून मग मूल्यमापनाला हात घाला.

सुरुवात कुठून करायची?

स्टाफरूममधून. आमच्या विभागाने पहिल्या वर्षी घरच्या घरी एक चाचणी तयार केली होती: व्याकरणाचे वीस प्रश्न, एक पत्र, एक निबंध. ती तपासून झाल्यावर मी रसायनशास्त्राच्या सरांना सहज विचारलं की मुलांच्या इंग्रजीत तुम्हाला नेमकं काय खटकतं. त्यांनी कपाटातून जर्नलांचा गठ्ठा काढून समोर ठेवला. ‘काळ चुकतात ते चालतं हो मॅडम. पण हे बघा,’ म्हणून एक पान उघडलं. निरीक्षणाच्या रकान्यात मुलाने लिहिलं होतं, ‘आय टूक टेन एमएल अँड आय पुट इंडिकेटर अँड आय सॉ पिंक.’ त्याखाली निष्कर्षाच्या जागी गाइडमधली चार ओळींची, विरामचिन्हांसकट बिनचूक इंग्रजी. सर म्हणाले, ‘वरचं त्याचं आहे, खालचं कुणाचं तरी आहे. मधला पूल तुम्ही बांधा.’

आमच्या चाचणीत या पुलाविषयी एकही प्रश्न नव्हता. दुसऱ्या वर्षी आम्ही उलटं केलं. आधी तीन विभागांतल्या शिक्षकांना विचारलं, मग पंचवीस-तीस मुलांची जुनी जर्नलं आणि असाइनमेंट वाचल्या आणि त्यावरून मूल्यमापनाचा एकच प्रश्न ठरवला: कोर्सनंतर मुलं स्वतः पाहिलेलं, स्वतःच्या वाक्यांत, विषयाला शोभेल अशा रीतीने लिहितात का? प्रश्न एकच असला की कोणता पुरावा गोळा करायचा ते आपोआप ठरतं. दहा प्रश्न असले की शेवटी गुगल फॉर्म तेवढा उरतो.

आम्ही सुरुवातीला आणि शेवटी चाचणी घेतली. सरासरी वाढली. एवढं पुरेसं नाही का?

नाही. इथे जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक रिपोर्ट याच आकड्यावर उभे असतात.

पहिली अडचण गळतीची. समजा, पन्नास मुलांनी पहिली चाचणी दिली. तीस जणांची सरासरी वीसपैकी १२, उरलेल्या वीस जणांची ७. सगळ्यांची मिळून सरासरी १०. सहा आठवड्यांत ती वीस मुलं यायची बंद झाली. एसटी चुकते, दुपारी काम असतं, वर्गात काही कळत नाही. शेवटच्या चाचणीला तीसच जण बसले आणि त्यांना पुन्हा सरासरी १२ पडली. कुणीही काहीही शिकलेलं नाही, तरी रिपोर्टमध्ये ‘१० वरून १२’ असं दिसतं. म्हणून तुलना दोन्ही चाचण्यांना बसलेल्यांचीच करायची आणि गेलेल्या मुलांची संख्या ठळक लिहायची. जमलं तर त्यातल्या चार-पाच जणांना फोन करून का सोडलं ते विचारायचं. कोर्सविषयी सगळ्यात खरी माहिती पुष्कळदा तिथेच मिळते.

दुसरी अडचण, कमी मार्कांच्या मुलांचीच निवड करून त्यांना कोर्सला बसवलं असेल तर. चाचणीच्या दिवशी कुणाला ताप होता, कुणी मागच्या बाकावर बसून वेळ मारून नेली, कुणाला नेमका न येणारा उतारा आला. अशांना दुसऱ्या वेळी थोडे जास्त मार्क पडणारच, कोर्स असो वा नसो. त्या वाढीचं श्रेय स्वतःकडे घेऊ नये.

तिसरी अडचण, तोच पेपर पुन्हा देणं. मुलांना उतारा आठवतो. दोन समान काठिण्याचे पेपर करा, अर्ध्या वर्गाला आधी ‘अ’ आणि नंतर ‘ब’ द्या, उरलेल्यांना उलटं.

आणि चौथी, तपासणाऱ्याची. आम्ही दोघींनी एकदा तेच वीस पेपर वेगवेगळे तपासले. एका मुलाच्या लेखनाला मी १४ दिले होते, सहकारी मॅडमनी ८. आम्ही दोघीही मन लावूनच तपासत होतो. मला त्याचा मुद्दा आवडला होता, त्यांना प्रत्येक ओळीतली चूक दिसत होती. मग निकष लिहून काढले: मुद्दा स्पष्ट आहे का, त्याला आधार आहे का, भाषा स्वतःची आहे का, वाचणाऱ्याला कुठे अडखळायला होतं का. पाच पेपर एकत्र बसून तपासले, भांडलो आणि मग बाकीचे घेतले. त्यानंतर आमच्यातला फरक एखाद-दुसऱ्या मार्कावर आला. सुरुवातीचे आणि शेवटचे पेपर एकत्र मिसळून, नावाची आणि तारखेची बाजू दुमडून तपासायचे, हेही तेव्हाच ठरवलं. हा शेवटचा पेपर आहे हे माहीत असलं की हात सैल सुटतो. माझाही सुटतो.

तुलनेसाठी कोर्स न केलेला वर्ग घ्यावा का?

घेता आला तर उत्तम, पण त्यातले खड्डे आधीच माहीत असावेत. आपल्या देशात याचं गाजलेलं उदाहरण बंगळूरच्या प्रकल्पाचं आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतल्या काही शाळांमध्ये व्याकरणाच्या पायऱ्यांऐवजी कृतींमधून इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. नकाशा वाचा, वेळापत्रकावरून गाडी शोधा, त्या नादात भाषा येईल, असा त्यामागचा विचार. शेवटी एडिंबरा विद्यापीठातल्या ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी त्याचं मूल्यमापन केलं, ते १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्यांच्यापुढचा पेच आपल्या ओळखीचा आहे. व्याकरणाच्या रचनांवर आधारलेली चाचणी घेतली तर जुन्या पद्धतीने शिकलेली मुलं पुढे. कृतींवर आधारलेली घेतली तर प्रयोगातली मुलं पुढे. म्हणून त्यांनी कुठल्याच पद्धतीकडे न झुकणाऱ्या चाचण्याही वापरल्या, त्यांत प्रयोगाची बाजू वरचढ दिसली. तरीही निष्कर्ष जपूनच मांडला, कारण वर्ग जसे होते तसे घेतलेले होते, चिठ्ठ्या टाकून मुलं वाटलेली नव्हती आणि दोन्हीकडचे शिक्षक सारख्या तयारीचे नव्हते. शिकवलं तेच विचारलं की मुलांना येतंच. आपल्या चाचणीतही एखादा प्रश्न वर्गात न केलेल्या प्रकारचा, पण त्याच कौशल्याचा ठेवा.

कोर्स न देता एखादा वर्ग मुद्दाम कोरडा ठेवणं मला पटत नाही. दोन तुकड्यांना वेगवेगळ्या सत्रांत कोर्स मिळणार असेल, तर पहिल्या सत्रात दुसरी तुकडी तुलनेसाठी आपोआप मिळते आणि कुणाचं नुकसान होत नाही.

विद्यार्थ्यांच्या फीडबॅक फॉर्मवर किती विसंबायचं?

मुलांना जे माहीत आहे तेवढंच त्यांना विचारलं तर पुष्कळ. शिक्षक वेळेवर येतात का, मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचतो का, वही तपासून परत मिळाली का, दिलेल्या नोट्स समजल्या का. यावर मुलांसारखा साक्षीदार नाही. ‘शिक्षकाचं विषयज्ञान पाचपैकी किती?’ हे मात्र एफवायच्या मुलाने कसं सांगावं?

फीडबॅकमध्ये चांगले गुण मिळालेल्या शिक्षकाकडे मुलं जास्त शिकतात, असं आपण धरून चालतो. २०१७ मध्ये बॉब अट्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे जुने अभ्यास एकत्र करून पुन्हा तपासले, तेव्हा विद्यार्थ्यांनी दिलेले गुण आणि विद्यार्थ्यांचं प्रत्यक्ष शिकणं यांत संबंध आढळला नाही. त्याआधी २०१६ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या आकडेवारीवरच्या अभ्यासात शिक्षिकांना कमी गुण देण्याचा कल दिसला होता. आपल्याकडे त्यात आणखी भर पडते. कडक तपासणाऱ्या शिक्षकावर राग निघतो, हसवणाऱ्याला माफी मिळते. तीन वेळा परिच्छेद पुन्हा लिहायला लावणारी मॅडम सत्राच्या शेवटी आवडती नसते. तिची आठवण टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, प्रोजेक्ट लिहिताना होते.

म्हणून मी फॉर्म दोनदा घेते. एकदा पाचव्या आठवड्यात, अर्ध्या पानाची चिठ्ठी: काय कळलं, काय नाही कळलं, पुढच्या आठवड्यात काय बदलू? दुसऱ्यांदा सत्र संपल्यावर नव्हे, तर पुढच्या सत्रात, या शिकण्याची गरज प्रत्यक्ष पडून गेल्यावर. मायकल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये चालू कामात सुधारणा करण्यासाठीचं मूल्यमापन आणि शेवटी निवाडा देण्यासाठीचं मूल्यमापन असा भेद केला होता. पाचव्या आठवड्यातली चिठ्ठी पहिल्या प्रकारातली. जी मुलं चिठ्ठी लिहितात त्यांनाच तिचा फायदा मिळतो, त्यामुळे ती खरी लिहितात.

फॉर्म इंग्रजीत असावा की मराठीत?

मराठीत. दोन्ही ठेवले तर मुलाला हवी ती भाषा निवडू द्या. ज्याला इंग्रजी जमत नाही त्यालाच इंग्रजीतून ‘तुमची अडचण सविस्तर लिहा’ म्हणायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. आमच्याकडे फॉर्म इंग्रजीत होता तेव्हा शेवटच्या रकान्यात ‘गुड’, ‘नाइस टीचिंग’, ‘नो कमेंट’ एवढंच यायचं. मराठीत केल्यावर एका मुलीने पानभर लिहिलं. त्यातली एक ओळ मी अजून विसरले नाही: ‘मॅम, मला शब्द येतात, पण पहिलं वाक्य कोणतं लिहायचं तेच कळत नाही, म्हणून मी कॉपी करते.’ पुढच्या वर्षी आम्ही चार तास फक्त पहिल्या वाक्यावर दिले.

नाव लिहायला लावलं नाही म्हणजे फॉर्म गुप्त झाला का?

होतोच असं नाही. गुगल फॉर्म ईमेल नोंदवणारा ठेवला असेल तर मुलांना ते दिसतं. बावीस जणांच्या वर्गात अक्षरावरून माणूस कळतो. आणि मार्क अजून लागायचे असताना त्याच शिक्षकाने फॉर्म गोळा केला, तर तो फॉर्म भीतीचा झाला. दुसऱ्या विभागातल्या शिक्षकाने किंवा ग्रंथपालांनी गोळा करावा, मार्क जाहीर झाल्यावरच उघडावा. हे आधी वर्गात सांगून टाका.

या सगळ्याचा शिक्षकांवर काय परिणाम होतो?

हा प्रश्न रिपोर्टमध्ये कुठेच नसतो, म्हणून इथे लिहिते. अकॅडमिक इंग्लिशचे तास पुष्कळ ठिकाणी सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांकडे असतात. नेमणूक त्या वर्षापुरती, मानधन तासावर. पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. अशा माणसासाठी फीडबॅकचा प्रत्येक आकडा नोकरीचा आकडा असतो. मग तो काय करतो? अवघड काम देत नाही. लेखन कमी करतो, कारण लेखन तपासावं लागतं आणि चुका दाखवल्या की मुलं नाराज होतात. नोट्स देतो, खेळ घेतो, प्रश्न सांगून टाकतो. फीडबॅक ४.८ येतो. मुलं पूर्वी होती तिथेच.

मी कुणालाही दोष देत नाहीये. सुरुवातीची काही वर्षं मी स्वतः तासिका तत्त्वावर काढली. एका वर्षी माझ्या कोर्सचा फीडबॅक घसरला, तेव्हा माझं म्हणणं कुणी विचारलंच नाही. फक्त एका बैठकीत आकडा मोठ्याने वाचून दाखवला. त्या सत्रात मी आठवड्याला एक परिच्छेद लिहून घेत होते आणि रात्री बसून ऐंशी वह्या तपासत होते. पुढच्या सत्रात मी तो परिच्छेद बंद केला. आकडा वर आला. ते माझ्या मनाला अजून लागतं, कारण त्या पुढच्या तुकडीतल्या मुलांना जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही.

म्हणून मी एक गोष्ट आग्रहाने मागते. कोर्सचं मूल्यमापन आणि शिक्षकाच्या नेमणुकीचा निर्णय एकाच कागदावर नकोत. कोर्स कमी पडला तर पहिला संशय तासांची संख्या, वर्गातली गर्दी, साहित्य आणि वेळापत्रक यांच्यावर घ्यावा. सत्तर मुलांच्या वर्गात, दुपारी शेवटच्या तासाला, प्रॅक्टिकल करून दमलेल्या मुलांना लेखन शिकवायचं असेल, तर शिकवणाऱ्याचं नाव बदलून निकाल बदलत नाही. मूल्यमापनासाठी लागणारा वेळही शिक्षकाच्या कार्यभारात धरावा. ऐंशी मुलांच्या दोन वेळच्या लेखनाला, प्रत्येकी दहा मिनिटं धरली, तरी सव्वीस-सत्तावीस तास लागतात. जवळजवळ कोर्सइतकेच.

आणि विद्यार्थ्यांवर?

सुरुवातीच्या चाचणीनंतर तुकड्या पाडल्या की दुसऱ्याच दिवशी मुलांनी ‘ढ बॅच’ हे नाव ठेवलेलं असतं. तुम्ही तिला ‘फाउंडेशन’ म्हणा, ‘ब्रिज’ म्हणा. गावाकडून आलेली, दहावीला नव्वदच्या घरात मार्क असलेली मुलगी पहिल्यांदाच स्वतःला कच्ची समजायला लागते. आमच्याकडे अशी एक जण दोन आठवड्यांनी वर्गात यायची थांबली होती. तिला बोलावून चाचणीचा पेपर दाखवला, वाचनाच्या भागात तिला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. कमी होते ते ऐकण्याच्या भागात, कारण तिने आयुष्यात इंग्रजी लेक्चर ऐकलंच नव्हतं. एकूण बेरीज बघून आम्ही तिला खालच्या तुकडीत टाकलं होतं. तेव्हापासून आम्ही एकच आकडा सांगत नाही. वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं वेगवेगळं दाखवतो आणि मूल मराठी माध्यमाचं, सेमी इंग्लिशचं की इंग्रजी माध्यमाचं हेही निकाल वाचताना लक्षात घेतो.

फॉर्म भरून भरून मुलं कंटाळतात, हाही एक परिणाम. एका सत्रात सात विषयांचे सात फॉर्म आणि त्यावर आणखी दोन-तीन. मग एका बाजूने सगळीकडे ‘पूर्णपणे सहमत’ अशी टिकमार्क पडत जाते. असे फॉर्म मोजण्यात काही अर्थ नाही.

नॅकसाठी फीडबॅक घेतोच. तो पुरत नाही का?

नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था, स्थापना १९९४ ची. २०१७ मध्ये आलेल्या सुधारित चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाला स्वतंत्र जागा मिळाली आणि अभ्यासक्रमावर विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी, नोकरी देणारे यांच्याकडून अभिप्राय घेऊन त्यावर काय कार्यवाही केली हेही दाखवणं आलं. त्यामुळे फीडबॅकची सवय लागली, ही चांगलीच गोष्ट. पण ती प्रश्नावली संपूर्ण संस्थेसाठी आहे. परिच्छेदाचं पहिलं वाक्य मुलांना जमतं का, हे तिच्यातून कळणार नाही.

सीओ-पीओ अटेनमेंटच्या, म्हणजे कोर्सची आणि पदवीची उद्दिष्टं कितपत गाठली हे दाखवणाऱ्या तक्त्याचंही तसंच. साठ टक्के मुलांना पन्नास टक्क्यांवर मार्क म्हणजे अटेनमेंट लेव्हल दोन, असं गणित मांडता येतं, पण मार्क कसे दिले हे त्यात दिसत नाही. आयक्यूएसीला (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाला) तक्ता हवा असेल तो द्या, त्याला आपल्या विभागाचं दोन पानी निवेदन जोडा. ‘कार्यवाही’च्या रकान्यात खरी कार्यवाही लिहा. आमच्या त्या रकान्यात एका वर्षी होतं: ‘शेवटचा तास सकाळी आणला.’ हजेरी लगेच वाढली.

वर्गात बसून निरीक्षण करावं का?

सहकाऱ्याने, आधी सांगून, एका ठरलेल्या गोष्टीसाठी. उदाहरणार्थ, ५० मिनिटांत मुलं स्वतः किती मिनिटं लिहितात किंवा बोलतात तेवढंच घड्याळ लावून मोजायचं. माझ्या वर्गात पहिल्यांदा मोजलं तेव्हा नऊ मिनिटं निघाली. मला वाटलं होतं निम्मा तास.

माझी मुलगी इंग्लंडला एमएससीसाठी जातेय. तिकडे प्री-सेशनल, म्हणजे मुख्य अभ्यासक्रमाआधीचा इंग्रजीचा कोर्स करायला सांगितलाय. त्याचं मूल्यमापनही असंच असतं का?

तिथे पुष्कळ काही पणाला लागलेलं असतं. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत थोडे गुण कमी पडलेल्यांसाठी विद्यापीठं काही आठवड्यांचा कोर्स ठेवतात आणि पुष्कळदा शेवटच्या मूल्यमापनात पास झालं तरच मुख्य प्रवेश पक्का होतो. मुलीने पहिल्याच आठवड्यात लेखनाचे निकष मागून घ्यावेत आणि शिक्षकांच्या शेऱ्यांवर प्रश्न विचारायला लाजू नये. आपल्या मुलांना चूक दाखवली की मान खाली घालायची सवय असते, तिथे त्यावर चर्चा करणं हाच अभ्यास आहे. ब्रिटनमध्ये बॅलीप नावाची या शिक्षकांची संघटना अशा कोर्सना मान्यता देते, निवडताना तेवढं बघून घ्या. घेतलेली फी, व्हिसा, घरच्यांचं कर्ज हे सगळं त्या एका निकालावर टांगलेलं असतं, तेव्हा घरून रोज ‘काय झालं?’ म्हणून फोन करू नका, एवढी विनंती.

मूल्यमापनात कोर्स फसला असं दिसलं तर?

तसं लिहा. आमच्या एका वर्षीच्या रिपोर्टचं पहिलं वाक्य होतं, ‘लेक्चर ऐकून नोट्स घेणं मुलांना कोर्सनंतरही जमलं नाही.’ प्राचार्यांनी विचारलं, हे असं द्यायचं का? दिलं. कारणही लिहिलं होतं: आम्ही नोट्स कशा घ्यायच्या ते फळ्यावर समजावलं, पण मुलांना खरं लेक्चर ऐकवलं नाही. पुढच्या वर्षी भूगोलाच्या मॅडमनी आमच्या वर्गात येऊन वीस मिनिटांचं मान्सूनवरचं लेक्चर दिलं, मुलांनी नोट्स घेतल्या आणि मग भूगोलाच्या मॅडमनीच त्या बघून कुठला मुद्दा सुटला ते सांगितलं. हे चार वेळा केलं. चौथ्या वेळी बहुतेकांच्या वहीत बाणांची, खुणांची स्वतःची पद्धत तयार झालेली दिसली.

निष्कर्ष कुणाला सांगायचे?

ज्यांनी माहिती दिली त्या सगळ्यांना, आणि विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी. माहिती घेतली जाते ती वर जाते, खाली परत येत नाही. हे चुकीचं आहे. आम्ही निकालाचं एक पान मराठीत करून नोटीस बोर्डावर लावतो आणि वर्गात दहा मिनिटं त्यावर बोलतो: तुम्ही हे सांगितलंत, आम्हाला हे दिसलं, यातलं हे बदलणार, हे बदलता येणार नाही आणि का. तीस तासांचे चाळीस करा असं मुलांनी लिहिलं होतं. तास वाढवणं आमच्या हातात नाही, हे सांगितलं. मग मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, ‘मॅम, मग शनिवारी लायब्ररीत आम्ही आमचे बसलो तर तुम्ही याल का?’ त्या शनिवारी अकरा जण आले होते, एकाने बरोबर फिजिक्सचं जर्नल आणलं होतं.